फोर बाय फोर लागत नाही किंवा सुटत नाही: शिफ्ट मोटरच्या रिलेतला बिघाड कसा शोधायचा

जुनी टाटा सफारी किंवा महिंद्रा स्कॉर्पिओची फोर व्हील ड्राइव्ह, अशा गाड्यांत डॅशबोर्डवरचा नॉब फिरवला की ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीवर) बसवलेली एक छोटी मोटर, म्हणजे शिफ्ट मोटर, आतला काटा सरकवते आणि गाडी टू-एचमधून (फक्त मागची चाकं) फोर-एचमध्ये (चारही चाकं) जाते. नॉब फिरवला, पण दिवा नुसताच लुकलुकत राहिला किंवा काहीच झालं नाही, की गॅरेजात बोट दोनच गोष्टींकडे जातं: कंट्रोल मॉड्यूल (मोटरला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) नाहीतर शिफ्ट मोटर. दोन्ही महाग आहेत. त्या दोघांच्या मध्ये बसलेला स्वस्त रिले, म्हणजे छोट्या करंटच्या हुकमावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, नीट तपासल्याशिवाय यातलं काहीही विकत घेऊ नये. आणि नीट तपासणं म्हणजे नुसता 'टिक' आवाज ऐकणं नव्हे.

थार, जिप्सी, जिम्नी यांसारख्या गाड्यांत ट्रान्सफर केस हातातल्या लिव्हरने चालते, तिथे शिफ्ट मोटर नसते. त्यामुळे पुढची मोटरची तपासणी त्यांना लागू नाही. रिले टेबलावर तपासण्याची रीत मात्र कुठल्याही गाडीला चालते. काही नॉबवाल्या गाड्यांतही रिले वेगळे दिसत नाहीत, ते मॉड्यूलच्या पेटीत सोल्डर केलेले असतात किंवा त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात. म्हणून आधी आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघा आणि शिफ्ट मोटरचे रिले बाहेर आहेत का, याची खात्री करा.

रिलेला हात लावण्याआधी

दोन गोष्टी पाच मिनिटांत उरकून टाका, कारण निम्मी धावाधाव यांच्यामुळेच होते.

पहिली गोष्ट म्हणजे फोर-एचमधून गाडी सुटत नसेल, तर ती विजेची तक्रार नसूही शकते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून वळणं घेतली की पुढच्या आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि गिअर एकमेकांत घट्ट रुततात. मोटर जोर लावते, काटा हलत नाही. गाडी सरळ ठेवून पाच-सात मीटर मागे घ्या आणि पुन्हा टू-एच लावा. सुटली तर रिले निर्दोष आहे. फोर-एल (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) लागत नसेल तर गाडी पूर्ण थांबलेली आहे ना, गिअर न्यूट्रलला किंवा क्लच पूर्ण दाबलेला आहे ना, हे बघा. या अटी पुऱ्या झाल्याशिवाय मॉड्यूल रिलेला हुकूमच देत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी आणि फ्यूज. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, मग पुढचं बघा. फ्यूज डोळ्यांनी बघून 'चांगला आहे' म्हणू नका. त्याच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, चावी ऑन करून टेस्ट लॅम्पचा (एका वायरीला चिमटा आणि दुसरीकडे टोचरं टोक असलेला छोटा दिवा) चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि टोक दोन्हींवर टेकवा. दोन्हीकडे दिवा सारखाच उजळ लागला पाहिजे. एकीकडेच लागला तर फ्यूज गेलेला आहे, दोन्हीकडे मंद लागत असेल तर फ्यूजचे पाय सैल आहेत किंवा गंजलेत.

हे दोन रिले काय करतात

इथे जरा थांबून समजून घ्यावं लागेल, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. साध्या रिलेवर, म्हणजे हॉर्नच्या किंवा हेडलाइटच्या, चार पाय असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे (आतली पट्टी ओढणारं तारेचं वेटोळं), ३० वर बॅटरीचा सप्लाय आणि ८७ वरून लोडला करंट. शिफ्ट मोटरला दोन्ही दिशांना फिरावं लागतं, म्हणून तिथे पाच पायांचे दोन रिले जोडीने वापरतात. पाचवा पाय ८७ए. कॉइलला करंट नसताना ३० हा ८७ए ला चिकटलेला असतो, करंट मिळाला की ८७ कडे उडी मारतो.

मोटर उलटसुलट फिरवण्याच्या नेहमीच्या जोडणीत ३० नंबरला बॅटरी नसते, तिथे मोटरची वायर असते. ८७ वर सप्लाय, ८७ए वर अर्थ (गाडीची बॉडी, म्हणजेच बॅटरीचं निगेटिव्ह). स्वस्थ असताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे मोटर जागच्या जागी रोखलेली राहते. फोर-एचचा रिले (त्याला 'अ' म्हणू) ओढला की मोटरच्या एका वायरीला १२ व्होल्ट मिळतात आणि करंट दुसऱ्या वायरीतून, टू-एचच्या रिलेच्या ('ब') ८७ए मधून अर्थला परत जातो. उलट दिशेला नेमकं उलट.

याचा अर्थ असा, की फोर-एच लागत नाही आणि टू-एच व्यवस्थित लागतो, तेव्हा दोष दोन ठिकाणी असू शकतो: 'अ'चा ८७ चा पॉइंट (आतली पट्टी जिथे टेकते तो बिंदू) जळालेला असेल, किंवा 'ब'चा ८७ए चा पॉइंट जळालेला असेल. दुसरी शक्यता कुणाच्या डोक्यातच येत नाही. लोक 'अ' बदलतात, फरक पडत नाही, मग मोटर बदलतात, तरीही पडत नाही, आणि शेवटी मॉड्यूल मागवलं जातं. बिचारा 'ब' मात्र टू-एचला 'टिक' करून चालतो, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

अदलाबदलीची परीक्षा

दोन्ही रिले एकाच नंबरचे असतील तर चावी बंद करून त्यांची जागा आपसात बदला. मग फोर-एच आणि टू-एच दोन्ही लावून बघा.

तक्रार उलटली, म्हणजे आता फोर-एच लागतो पण टू-एचला परत येत नाही, तर दोघांपैकी एक रिले नक्की खराब आहे. वर सांगितलेल्या दोन्ही शक्यतांत तक्रार उलटतेच, त्यामुळे एवढ्यावरून कोणता खराब हे कळणार नाही. दोन्ही काढून टेबलावर तपासा. तक्रार जशीच्या तशी राहिली, तर रिले ठीक आहेत, सॉकेट, वायरिंग, मोटर किंवा हुकूम यांत बघा. दोन्ही दिशा बंदच असतील तर अदलाबदलीने काही कळत नाही, तिथे सप्लाय, मेन अर्थ आणि हुकूम यांपासून सुरुवात करायची.

दुसरी एक सोपी परीक्षा अशी: चावी बंद, रिले जागेवर, मोटरचं कपलर (वायरींचा जोड) काढलेलं. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन जाड वायरींना एकेक करून टेकवा. दोन्हीवर दिवा पूर्ण उजळ लागायला हवा, कारण दोन्ही वायरी ८७ए मधून अर्थला गेलेल्या आहेत. एकीवर मंद लागला किंवा लागलाच नाही, तर त्या वायरीच्या रिलेचा ८७ए, त्याचं सॉकेट किंवा अर्थची वायर, यांतलं एक गेलेलं आहे. त्यासाठी साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प हवा, एलईडीवाला नको. बल्ब करंट खेचतो म्हणूनच कमजोर पॉइंट उघडा पडतो. रिले मॉड्यूलच्या आत असलेल्या गाडीवर ही परीक्षा करू नका. कपलरमधल्या बारीक वायरी मोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या असतात, त्यांना बॅटरीचा पॉझिटिव्ह चुकूनही लागू देऊ नका.

टेबलावर रिले तपासताना

मल्टिमीटर ओहमवर ठेवून ८५ आणि ८६ मध्ये मोजा. १२ व्होल्टच्या मिनी रिलेची कॉइल साधारण ५० ते १२० ओहम दाखवते, ९० च्या आसपास असेल तर उत्तम. अनंत दाखवलं तर कॉइल तुटली, फारच कमी दाखवलं तर आतून शॉर्ट. आकाराने लहान मायक्रो रिलेवर १ ते ५ नंबर असतात: १ आणि २ कॉइल, ३ म्हणजे ३०, ४ म्हणजे ८७ए, ५ म्हणजे ८७. काही रिलेंच्या अंगावर डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची) खूण छापलेली असते. तिथे ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच द्यायचा, उलट दिला तर डायोड शॉर्टसारखा वागतो आणि स्वतः जळतो किंवा हुकूम देणारा ट्रान्झिस्टर जाळतो.

कॉइलला १२ व्होल्ट दिल्यावर 'टिक' वाजलं, तर एवढंच कळलं की कॉइल आणि आतली पट्टी हलते आहे. पॉइंटबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. मीटरच्या बीपवरही विसंबू नका. बीप वाजायला वीस-तीस ओहमसुद्धा चालतात आणि मीटरच्या वायरींचाच ०.२ ते ०.५ ओहम असतो. आपल्याला पकडायचा आहे ०.१ ओहमचा दोष. एवढासा आकडा कसला त्रास देणार, असं वाटेल, पण मोटर सुरू होताना १५ अँपिअर खेचत असेल तर ०.१ ओहमवर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि साडेबावीस वॉट उष्णता एका साबुदाण्याएवढ्या पॉइंटवर निघते. पॉइंट काळे पडतात, सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होतं, ते यामुळेच.

म्हणून लोड लावूनच मोजा. हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना हॅलोजन बल्ब घ्या, तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो. मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घाला. बॅटरी पॉझिटिव्ह ३० ला, ८७ए वरून बल्बला, बल्बचा दुसरा टोक निगेटिव्हला. बल्ब लागेल. आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून ३० आणि ८७ए या दोन पायांवरच टेकवा. चांगला रिले ०.१ व्होल्टच्या आत दाखवतो. ०.३, ०.४ दाखवला तर तो रिले कचऱ्यात, मग बल्ब कितीही लख्ख दिसू दे. नंतर बल्ब ८७ वर घेऊन, कॉइलला करंट देऊन तेच मोजा. रिलेला बोटाने हलक्या टिचक्या मारा. आकडा उड्या मारत असेल तर आतला पॉइंट सैल आहे, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर कधी लागणारा, कधी न लागणारा फोर बाय फोर तोच.

पॉलिश पेपरने पॉइंट घासून रिले पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. जंगलात अडकलात तर घरी येईपर्यंत ठीक, पण वरचा थर घासला गेला की पॉइंट आणखी लवकर जळतो. नवाच घाला.

हुकूम येतो का

रिले काढून सॉकेटमधल्या ८५ आणि ८६ मध्ये एलईडी टेस्ट लॅम्प जोडा. इथे बल्बवाला नको. कॉइल जेमतेम ०.१४ अँपिअर घेते, २१ वॉटचा बल्ब त्याच्या बारापट, आणि मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. दुसऱ्या माणसाला नॉब फिरवायला सांगा. मॉड्यूल हुकूम फक्त मोटर सरकेपर्यंतच देतं, म्हणजे एलईडी सेकंदभर ते काही सेकंदच लागेल, तेव्हा नजर हटवू नका. लागला नाही तर टोकं उलटी करून बघा, एलईडीला दिशा असते.

एलईडी लागला, तर मॉड्यूल, नॉब आणि सेन्सर यांनी आपलं काम केलं. नाही लागला, तर ८६ वर सप्लाय आहे का आणि ८५ ला अर्थ मिळतो का, हे वेगवेगळं मोजा; बऱ्याच गाड्यांत सप्लाय कायम असतो आणि मॉड्यूल अर्थ देऊन रिले ओढतं. काही मॉड्यूल रिले जागेवर नसेल तर कॉइल तुटली असं समजून हुकूम देतच नाहीत, तिथे रिले लावून सॉकेटच्या मागून बारीक पिनने मोजावं लागतं. सप्लाय आहे पण अर्थ येत नाही, अशा वेळी लगेच मॉड्यूल बदलू नका. क्लच स्विच, न्यूट्रल स्विच, स्पीड सेन्सर, मोटरवरचा सेन्सर यांपैकी एकाने चुकीची खबर दिली तरी ते गप्प बसतं. स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचा.

सॉकेट

सह्याद्रीतल्या घाटांत पावसाळाभर फिरणाऱ्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीत रिलेपेक्षा सॉकेट आधी जातं. रिले उपटल्यावर त्याच्या पायांकडे बघा: हिरवट-पांढरा थर म्हणजे पाणी शिरतंय, निळसर-काळी झाक म्हणजे तो पाय तापतोय. सॉकेटच्या आतल्या पट्टीची पकड बघायला त्याच रुंदीची सुटी पत्ती एकेका खाचेत घालून ओढा. चार खाचांत घट्ट आणि पाचवीत अलगद निघाली, की दोष सापडला. टेस्ट लॅम्पचं टोचरं टोक खाचेत खुपसून पकड सैल करणारे आपणच असतो. मोजताना बारीक पत्ती किंवा पिन वापरा. सैल पट्टी बाहेर काढून दाबता येते, पण तापून नरम झालेली पट्टी पुन्हा सैल होते. तिथे वायरसकट टर्मिनल बदला.

उंदीर हा दुसरा शत्रू. पावसाळ्यात इंजिनवर ऊब शोधत येतात आणि हार्नेस कुरतडतात. ट्रान्सफर केसकडे उतरणारी वायरिंग गाडीखाली वाकून पूर्ण लांबीने हाताने चाचपा, नुसती बघू नका.

मोटर थेट चालवून बघताना

रिले, सॉकेट, हुकूम सगळं ठीक निघालं, तर मोटरच्या कपलरपर्यंत व्होल्ट पोचतात का बघा. मोटर जोडलेली ठेवून, शिफ्ट होत असताना कपलरच्या मागून मोजा. बॅटरी पॉझिटिव्ह ते मोटरच्या पॉझिटिव्ह वायरीपर्यंतची घट अर्ध्या व्होल्टच्या आत आणि परतीच्या वायरीपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंतची घट ०.२ च्या आसपास असावी. एवढं असूनही मोटर हलत नसेल तर दोष मोटरमध्ये आहे किंवा ट्रान्सफर केसच्या आत.

मोटर थेट बॅटरीवर लावायची असेल तर गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले हवेत. फोर-एच आणि फोर-एलच्या मध्ये ट्रान्सफर केसचा स्वतःचा न्यूट्रल येतो. तिथे गाडी गिअरमध्ये असली तरी गडगडते, आणि तुम्ही तिच्याखाली असता. कपलर काढा, फक्त दोन जाड वायरी, मध्ये २० अँपिअरचा फ्यूज, आणि स्पर्श अर्ध्या सेकंदाचे. धरून ठेवलं तर मोटर शेवटच्या टोकाला जाऊन अडकते.

नवा रिले घेताना आणि बसवल्यावर

दुकानात 'पाच पायांचा द्या' एवढं सांगू नका. मधला पाय ८७ए आहे की ८७, हे अंगावरचं वाचा. दोन ८७ असलेले रिलेही पाच पायांचेच असतात आणि याच सॉकेटमध्ये अलगद बसतात. वर सांगितलेल्या जोडणीत तसा रिले ओढला गेला की सप्लाय थेट अर्थला भिडतो आणि फ्यूज उडतो. चार पायांचा हॉर्नचा रिले घातला, तर परतीचा मार्गच नसल्याने मोटर उलट दिशेला फिरत नाही. रस्त्यात उसना रिले घेताना हे लक्षात ठेवा. व्होल्ट १२ की २४, अँपिअर जुन्याइतकाच किंवा जास्त, डायोड असेल तर त्याची दिशा तीच.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. ८७ चा पॉइंट वितळून चिकटला की नॉबला हात न लावताही मोटर एका टोकाला दाबत राहते. रिले उपटून ३० आणि ८७ मध्ये मोजा, कॉइलला करंट नसताना तिथे काहीच लागता कामा नये. चिकटलेला निघाला तर नवा घालण्याआधी तो का चिकटला ते शोधा: मोटरमध्ये पाणी, तिचे झिजलेले कार्बन ब्रश, किंवा आत घट्ट झालेला काटा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर जाड वायरीवर लावून शिफ्ट करताना बघा. सुरुवातीला क्षणभर आकडा उसळून खाली आला पाहिजे. तो वरच राहत असेल तर नवा रिलेही त्याच वाटेने जाणार.

सगळं जागेवर बसलं की गाडी मोकळ्या मातीच्या जागेवर न्या. टू-एच ते फोर-एच आणि परत, असं चार-पाच वेळा करा, प्रत्येक वेळी दिवा स्थिर होईपर्यंत थांबा आणि मोटरला मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. मग गाडी थांबवून फोर-एल. नंतर बोनेट उघडून दोन्ही रिलेंना हात लावा. किंचित कोमट चालतील. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत असेल तर त्याचं सॉकेट पुन्हा उघडा.